लाटण्यानं दाबायचं बटण

शनिवार, २८ सप्टेंबर २०२४

वकिली सोडून सहा वर्षं झाली, तरी दर जानेवारीत वकिलांची डायरी घरी येतेच. पानावर रकाने छापलेले असतात: प्रकरण क्रमांक, पक्षकार, आजचे काम, पुढील तारीख. माझ्याकडे आता प्रकरणंही नाहीत अन् पक्षकारही नाहीत. राग मात्र आहे, आणि तो लिहायला ही पानं बरी पडतात.

आजचं प्रकरण: स्वयंपाकघरातलं बटण.

संध्याकाळी माझे जुने सहकारी सपत्नीक चहाला आले होते. त्यांच्यादेखत माझी बायको शैला स्वयंपाकघरात गेली, बोर्डाशेजारच्या खिळ्याला सुतळीनं टांगलेलं जुनं लाटणं काढलं आणि त्याच्या टोकानं ट्यूबलाइटचं बटण दाबलं. ट्यूब चर्रचर्र करत दोनदा डोळे मिचकावून लागली. शैलानं लाटणं पुन्हा टांगलं आणि चहा टाकला. पाहुणीनं विचारलं, "हे काय नवीन?" तर ही हसून म्हणते, "आमच्याकडे बटणाला पण लाटावं लागतं."

पस्तीस वर्षं अमरावतीच्या कोर्टात उभा राहिलो, पण आजच्याइतका पडेल चेहरा कधी झाला नसेल.

पाहुणे गेल्यावर मी विचारलं, "हा काय तमाशा आहे?"

"अहो, झिणझिण्या येतात. दोन पावसाळे झाले, मी सांगून राहिले."

"झिणझिण्या वयामुळे येतात. गोळ्या आणून दिल्या होत्या, त्या घेतल्या का?"

"घेतल्या. गोळ्या घेऊनही बटणाजवळच येतात."

मी स्वतः जाऊन ते बटण दहादा दाबलं. मला काही म्हणजे काही झालं नाही, आणि तिला तसं सांगितलंही: काही नाही त्यात, मी स्वतः दहादा दाबून पाहिलं आहे. बायकांच्या मनात एकदा भीती बसली की ब्रह्मदेवही ती काढू शकत नाही. तरी पाच दिवसांवर घट आले आहेत, घरात येणं-जाणं राहील, म्हणून नत्थुजी वायरमनला बोलवायचं ठरवलं.

पुढील तारीख: सोमवार.

सोमवार, ३० सप्टेंबर

नत्थुजी आला नाही. तीन फोन केले. पहिल्या वेळी म्हणाला, "निंगालोच साहेब." दुसऱ्या वेळी म्हणाला, तिवश्याले वावरात हाय. तिसऱ्या वेळी फोन त्याच्या भावानं उचलला आणि मला झेंडूचा भाव सांगू लागला. या लोकांची शेती दसऱ्याला फुलते आणि आमची ट्यूब दसऱ्यापर्यंत मिचकावत बसते. माणसानं एक तर वायरमन व्हावं, नाही तर माळी.

बुधवार, २ ऑक्टोबर

आज सर्वपित्री. पितरांची पानं वाढून झाली आणि चार वाजता नत्थुजी उगवला. साठीचा काडीसारखा माणूस, खांद्याला रेक्झिनची पिशवी, पायात काळी रबरी चप्पल. ती चप्पल घालून तो थेट स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर! आमचं देवघर स्वयंपाकघरातच, पूर्वेच्या कोपऱ्यात आहे. उद्या घटस्थापना. शैलानं दुपारीच सगळी फरशी धुतली होती.

"नत्थुजी, चप्पल बाहेर," मी म्हणालो.

"अजी साहेब, हे चप्पल नोहे. हा माया विमा हाय."

"समोर देव दिसत नाहीत का?"

"दिसून राह्यले ना. देव काही म्हनत नाही, करंट म्हनते. फरशी वल्ली हाय. अनवानी पायानं मी बोर्डाले हात लावत नाही."

वाद वाढला असता, पण शैलानं जेवणाचा पाट आणून बोर्डाखाली ठेवला. तो चप्पल काढून पाटावर उभा राहिला. टेस्टर काढला आणि आधी हॉलमध्ये जाऊन टीव्हीच्या प्लगमध्ये घालून पाहिला. मी म्हटलं, "बिघाड इकडे आहे, तिकडे काय पाहता?" तर म्हणे, "टेस्टरच मेला असन तर तो खोटी साक्ष देईन." मला, वकिलाला, साक्षीदार शिकवतो!

मग त्यानं तो टेस्टर बोर्डाच्या पट्टीच्या स्क्रूला लावला. लाल उजेड दिसला.

"पेटीत करंट उतरून राह्यला," तो म्हणाला. "बोर्ड खोलाव लागते. मेन पाडा साहेब. अन् इन्व्हर्टरबी बंद करा."

मी म्हणालो, मेन पाडतो, इन्व्हर्टर बंद होणार नाही.

"काहून?"

"देवघरातला दिवा त्याच्यावर आहे. तो विझत नाही."

तो देवघरातल्या लाल दिव्याकडे पाहत राहिला. मग त्या दिव्यापासून भिंतीवरून वर, झरोक्यापर्यंत आणि तिथून खाली बोर्डापर्यंत त्यानं नजर फिरवली. "या दिव्याचा करंट कुठून घेतला, सांगा बरं?"

"त्याचा अन् बटणाचा काही संबंध नाही."

"संबंध हाय का नाही, हे मले पाहू तर द्या. पाच मिनिटाचं काम हाय. पाच मिनिटानं देव काई रुसत नाही."

"तो दिवा चार वर्षांत एकदाही विझलेला नाही. पाच मिनिटंही नाही, पाच सेकंदही नाही. विषय संपला."

"मंग माया बी संपला," असं म्हणून तो पाटावरून उतरला आणि पिशवी आवरू लागला. मी त्याला काय काय बोललो ते इथं लिहीत नाही, डायरी मुलीच्याही हाती पडते. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे न पाहता शैलाला म्हणाला, "बाई, या बोर्डाले वल्ला हात लावू नका. अन् कोनाले धरलंच, तर त्याले हातानं वढू नका. लाकडानं ढकला." मग त्या टांगलेल्या लाटण्याकडे बोट दाखवून म्हणाला, "हे बेस हाय. हेच ठेवा."

म्हणजे लाटण्याला सर्टिफिकेट मिळालं आणि मी उभा राहिलो बाजूला! नाचता येईना अंगण वाकडं. काम येत नाही तर सांगावं सरळ.

पुढील तारीख: या माणसासाठी नाही. पुन्हा पायरी चढू देणार नाही.

गुरुवार, ३ ऑक्टोबर

घट बसले. संध्याकाळी तासभर लाईट गेली, सगळी कॉलनी काळीठिक्कर. आमच्या देवघरात मात्र लाल दिवा शांत तेवत होता. शेजारच्या बाई आरतीला आल्या होत्या, त्या म्हणाल्या, "तुमचा दिवा बरा आहे हो, जातच नाही." मी त्यांना सांगितलं की ही सोय माझी स्वतःची आहे, कुठल्या वायरमनचा हात लागलेला नाही. शैला लाटण्यानं बटण दाबून बाहेर निघून गेली.

शनिवार, ५ ऑक्टोबर

स्वतःच केलं. कोर्टात पुरावा स्वतः वाचल्याशिवाय मी कधी उभा राहिलो नाही, मग घरचं बटण काय अवघड आहे?

मेन पाडला. पंखा थांबला, फ्रिज थांबला, दिवा तेवत राहिला. म्हणजे काम सुरक्षित आणि दिवाही सुरक्षित. नत्थुजीला एवढी साधी गोष्ट सुचू नये! ड्रॉवरमधून जुना टेस्टर काढला, स्क्रूला लावला. उजेड दिसला नाही. करंट नाही, सिद्ध झालं. सोवळ्याची जागा म्हणून चप्पल घातली नाही. पट्टीचे चार स्क्रू काढले आणि पट्टी बाहेर ओढली.

आत जे दिसलं ते पाहून माझं डोकं फिरलं. बोर्डामागची लोखंडी पेटी आतून गंजलेली. वायरींचा गुंता. त्यात एका पिवळ्या वायरीला जोड दिलेला, आणि तो जोड कशानं गुंडाळलेला? जखमेवर लावायच्या डॉक्टरी चिकटपट्टीनं! पट्टी वाळून, करपून तपकिरी झालेली, एका बाजूनं सुटलेली, आत तांबं चकाकतंय. हे नत्थुजीचं काम! या घराचं सगळं वायरिंग त्यानंच केलं आहे, दुसरं कोण येणार? काळी टेप वीस पावलांवर मिळते, आणि हा माणूस विजेच्या जोडाला मलमपट्टी करून जातो. वर मलाच म्हणतो, चप्पल पाहिजे अन् इन्व्हर्टर बंद करा. चोराच्या उलट्या बोंबा यालाच म्हणतात. मी जागेवरच नोटीसचा मसुदा मनात तयार केला: 'आपण आपल्या व्यवसायात अक्षम्य हयगय करून माझ्या अशिलाच्या जिवास धोका निर्माण केला असून...'

तेवढ्यात माझ्या बोटाचा मागचा भाग पेटीला लागला आणि कोपरापर्यंत सणक गेली. स्क्रूड्रायव्हर हातातून उडून ओट्याखाली गेला.

मेन पाडलेला असताना! मी पाच मिनिटं खुर्चीवर बसून विचार केला. नळ बंद केला तरी पाइपात पाणी उरतं, तसा वायरीत उरलेला करंट असणार. दुसरं काय? मग फक्त बटणाच्या मागचा ढिला स्क्रू आवळला, पट्टी परत बसवली. चारपैकी दोन स्क्रू सापडले, दोन ओट्याखाली गेले असावेत. मेन चढवला. ट्यूब एका झटक्यात लागली, मिचकावणं बंद.

झालं दुरुस्त. शैलाला बोलावून दाखवलं. म्हणाली, "अन् झिणझिण्या?"

"त्याही बंद."

माझ्या बोटाचं तिला सांगितलं नाही. खिळ्यावरचं लाटणं काढून माझ्या कपाटात, जुन्या फायलींवर ठेवून दिलं. लाटणं पोळ्या लाटायला असतं. माझ्या घरात ते आता बटणाला लागणार नाही.

रविवार, ६ ऑक्टोबर

रागिणीचा अकोल्याहून फोन. मुलगी तंत्रनिकेतनात विजेचा विषय शिकवते, म्हणून बापाला विद्यार्थी समजते. आईनं तिला सगळं सांगितलेलं दिसतं.

"बाबा, टेस्टर आधी चालू प्लगमध्ये तपासला होता का?"

"तो चांगला आहे. तुझ्या लहानपणापासून ड्रॉवरमध्ये आहे."

"म्हणजे तपासला नाही. इन्व्हर्टर बंद केला होता?"

"इन्व्हर्टरचा काय संबंध?"

"बाबा, मेन पडला की इन्व्हर्टर चालू होतो. तोच तर त्याचा धंदा आहे. त्या बोर्डात त्याची एखादी वायर असेल तर मेन पाडून काय फायदा? तुम्हाला शॉक लागला का?"

मी म्हणालो, नाही.

ती म्हणाली, "मी येईपर्यंत त्या बोर्डाला कोणी हात लावू नका. ते बटण वापरू नका, दुसरा दिवा लावा. मी दसऱ्याला येते."

"कशाला? काम झालं आहे."

फोन ठेवल्यावर चिडचिड झाली. लहानपणी ही माझ्या स्क्रूड्रायव्हरला हात लावायची तर मी ओरडायचो, हे मुलीचं काम नाही म्हणून. आता तीच मला विचारते, टेस्टर तपासला का. तिनं सांगितलेलं मी शैलाला सांगितलं नाही. आता लिहिताना वाटतं, सांगायला हवं होतं का? पण सांगितलं असतं तर शैलानं पहिला प्रश्न केला असता, मग लाटणं का उचललं? उत्तर द्यावं लागलं असतं.

बुधवार, ९ ऑक्टोबर

आज पाहिलं, शैला पदराचं टोक बोटाला गुंडाळून बटण दाबते. मी दारात उभा आहे हे कळल्यावर पदर सोडला आणि बोटानं दाबलं. काही झालं नाही. "बघ," मी म्हणालो. तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही.

तिच्या या गप्प बसण्याचा मला नत्थुजीच्या बोलण्यापेक्षा जास्त राग येतो.

दिव्यासाठी एवढा का अडून बसतो, असं तिनंही परवा विचारलं. मी म्हटलं, नवरात्र आहे. खरं कारण कुणालाच सांगितलेलं नाही. इथं लिहितो.

२०२०चा सप्टेंबर. शैला कोरोना वॉर्डात, ऑक्सिजनवर. मला भेटू देत नव्हते, घराच्या दारावर पाटी लावलेली. सकाळ-संध्याकाळ एक नर्स फोनवर एक आकडा सांगायची आणि मी तो आकडा या अशाच एका डायरीत लिहायचो. एका संध्याकाळी आकडा खूप खाली आला. मी देवासमोर बसून बोललो की ही घरी आली, तर तुझ्यापुढचा दिवा मी जिवंत असेपर्यंत विझू देणार नाही. तेलाचा ठेवला असता, पण घरात मी एकटा, तापानं फणफणलेला. झोप लागली अन् विझला तर? म्हणून विजेचा. लाईट गेली तर? म्हणून इन्व्हर्टरवर. दुकानं बंद, घरात कुणी यायला तयार नाही. दारावरच्या घंटीच्या कामातून उरलेली पिवळी वायर होती, बाकी औषधांच्या डब्यात सापडलं त्यावर भागवलं. हॉलमधून झरोक्यातून वायर घेतली, आणि

शैलानं जेवायला हाक मारली. काहीतरी आठवत होतं, ते राहिलं.

ती तेविसाव्या दिवशी घरी आली. तेव्हापासून दिवा चालू आहे.

शुक्रवार, ११ ऑक्टोबर

दवाखान्यातून घरी आलो आहे. रागिणी दुपारीच अकोल्याहून आली, ती शैलाजवळ आहे. मला तिनं घरी पाठवलं, म्हणाली, "बाबा, तुम्ही इथं नुसते ओरडून राहिले."

अष्टमी होती. शैला सकाळी न्हाऊन ओलेत्यानं स्वयंपाकघरात आली. तिच्या आईकडची ही रीत, अष्टमीचं पुरण ओलेत्यानं शिजवायचं. मी हॉलमध्ये पेपर वाचत होतो. नळाचा आवाज आला, मग आवाज आला तो तिच्या तोंडून, पण तो शब्द नव्हता.

धावत गेलो. एक हात नळावर, एक हात बोर्डावर. दोनच स्क्रूंवरची माझी पट्टी तिरपी झाली होती आणि तिची ओली बोटं पट्टीआड पेटीला लागली होती. नळावरची मूठ आवळलेली. डोळे उघडे, माझ्याकडे. मी धरायला पुढे झालो आणि नत्थुजीचं वाक्य आठवलं, लाकडानं ढकला. हात खिळ्याकडे गेला. खिळ्यावर सुतळी होती, लाटणं नव्हतं.

पळालो. मेन पाडला. मागे वळून पाहिलं, ट्यूब गेली होती. शैलाचा हात सुटला नव्हता.

आणि देवघरात दिवा तेवत होता.

तेव्हा कळलं. सगळं एकदम कळलं. पिवळी वायर, चिकटपट्टी, चार वर्षांपूर्वी मी उभा होतो ते स्टूल. हॉलमधल्या इन्व्हर्टरपर्यंत किती पावलं आहेत? नऊ. त्याचं बटण बंद केलं. देवघरातला लाल उजेड गेला, आणि त्याच क्षणी स्वयंपाकघरात शैला पडल्याचा आवाज आला.

श्वास होता. दोन बोटं पांढरी पडली होती. डॉक्टर म्हणाले, नशीब, आणखी थोडा वेळ गेला असता तर हृदय थांबलं असतं. दोन दिवस लक्ष ठेवू. दारावरच्या गार्डशी मी भांडलो, नर्सशी भांडलो, स्ट्रेचर आणणाऱ्याशी भांडलो. त्यांच्यापैकी कुणी माझं काही वाईट केलं नव्हतं.

नत्थुजीच्या नोटिशीचा मसुदा पाचव्या तारखेच्या पानावर आहे. तो खोडत नाही. राहू दे तिथं, माझ्याच अक्षरात.

शनिवार, १२ ऑक्टोबर

दसरा. रागिणीनं नत्थुजींना फोन केला होता. झेंडूवाल्या घराला आजच्या दिवशी श्वास घ्यायला फुरसत नसते, तरी ते दहा वाजता आले. पिशवीत अवजारं आणि वर झेंडूची फुलं. उंबऱ्याशी थांबले आणि सवयीनं चप्पल काढायला वाकले.

"घालूनच या," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग देवघराकडे. दिवा बंद होता. चप्पल घालून आत आले.

इन्व्हर्टर कालपासून बंदच होता, मी मेन पाडला. आधी मात्र त्यांनी टेस्टर चालू प्लगमध्ये पाहून घेतला. मग बंद बोर्डाच्या प्रत्येक टोकाला लावला, पेटीला लावला, पुन्हा एकदा मला लावायला दिला. उजेड नव्हता. मग पट्टी काढली. करपलेली चिकटपट्टी हातात धरून त्यांनी उलटसुलट पाहिली.

"हा जोड माझा आहे," मी म्हणालो. "चार वर्षांपूर्वीचा. मी तुमच्यावर ढकलला होता."

"मले मालूम हाय."

"कधीपासून?"

"त्या दिवशीच. वायर दिव्याकडं जाऊन राह्यली होती. म्हनून तं म्हटलं, इन्व्हर्टर बंद करा. हे पाहा, इन्व्हर्टरचा करंट या पेटीतून दिव्याले गेला. चिकटपट्टी गळली, जोड पेटीले टेकला. अर्थिंग कुजली हाय, ते काही करंट खाली नेत नाही. आता तुमी मेन पाडा नाही तर काई करा, पेटी चालूच."

"मग मला तसं सांगायचं होतं ना!" माझा आवाज चढला. चढायला नको होता.

त्यांचाही चढला. पहिल्यांदाच. "कवा सांगू? तुमी बोलू देलं कवा? मी दारातून गेलो तं तुमी मले चोर म्हटलं. मायावाला बाप वायरमन, मी वायरमन, चाळीस वर्षात कोनाच्या घरी मानूस नाही मेला. तुमच्या घरी मेला असता, अन् नाव कोनाचं झालं असतं?"

त्यांनी पिवळी वायर पूर्ण ओढून काढली, नवीन पेटी बसवली, अर्थिंगची वायर नवी टाकली आणि मेनशेजारी करंट गळला की आपोआप पडणारं एक बटण लावलं. दोनचा सुमार झाला. जाताना फुलं ओट्यावर ठेवली. मी म्हटलं, "आज तुमचा धंद्याचा दिवस बुडाला."

"बाई बऱ्या होऊ द्या," एवढंच म्हणाले आणि गेले. मी आपट्याची पानं द्यायला मागे धावलो तोवर गाडी वळली होती.

सोमवार, १४ ऑक्टोबर

शैला काल दुपारी घरी आली. उजव्या हाताच्या दोन बोटांना पट्टी. पांढरी, डॉक्टरी चिकटपट्टी. मला तिकडे पाहवत नाही.

देवघर पाहून म्हणाली, "दिवा का बंद?"

रागिणी माझ्याकडे पाहत होती. दवाखान्यात तिनं मला विचारलं होतं, पाच मिनिटं का नाही बंद केलात बाबा, आणि मी तिला सगळं सांगितलं होतं. आता शैलालाही सांगितलं. नवस, वॉर्ड, नर्सचे आकडे, तेविसावा दिवस. वाटलं, ऐकून तिचे डोळे भरतील. कबूल करतो, मला तसं हवंही होतं.

तिचे डोळे भरले नाहीत. चाळीस वर्षांत तिला इतकी चिडलेली मी पाहिली नव्हती.

"माझ्या जिवासाठी लावला होता ना? मग मला सांगायचं होतं. मी त्याच दिवशी विझवला असता अन् निरांजन लावलं असतं. माझ्या नावाचा नवस, अन् मलाच माहीत नाही!"

"शैला, मी..."

"नाही, आज तुम्ही ऐका. दोन पावसाळे मी सांगून राहिले, बटणाला हात लावला की झिणझिण्या येतात. तुम्ही मला गोळ्या आणून दिल्या. त्या गोळ्या मी खाल्ल्या. मला वाटायला लागलं होतं की माझंच काही बिघडलं आहे. नत्थुजींना एका मिनिटात दिसलं. तुम्हाला दिव्याचं पडलं होतं, माझं नव्हतं पडलं."

"तुझ्यासाठीच तर..."

"माझ्यासाठी होतं तर मला विचारायचं."

रागिणी उठून बाहेर गेली. मी वकील माणूस, बचावाचे दहा मुद्दे तोंडावर होते. एकही काढला नाही. राग आला होता, आणि तो कुणावर काढावा असा माणूस घरात एकच होता, मी.

आज सकाळी रागिणी साडेदहाच्या गाडीनं अकोल्याला गेली. जाण्याआधी तिनं नवा बोर्ड स्वतः तपासला, मला तो आपोआप पडणारा खटका दाबून दाखवला, पुन्हा चढवायला लावला. मी चढवला. म्हणाली, "दर महिन्याला हे करायचं बाबा. तारीख लिहून ठेवा." लिहिली आहे.

संध्याकाळी शैला चहा टाकायला उठली. मी नको म्हणत होतो, ऐकलं नाही. स्वयंपाकघरात अंधारून आलं होतं. ती नव्या बोर्डासमोर उभी राहिली, पट्टीचा हात वर नेला आणि खाली घेतला. पुन्हा वर नेला. कोऱ्या पांढऱ्या बोर्डापासून बोटभर अंतरावर तो थांबला. मी म्हणणार होतो की आता काही नाही त्यात, मी स्वतः दहादा दाबून पाहिलं आहे.

हे वाक्य मी तिला आधी एकदा सांगितलेलं आहे.

"माझं लाटणं कुठे आहे हो?" तिनं माझ्याकडे न पाहता विचारलं.

मी कपाट उघडलं, जुन्या फायलींवरचं लाटणं काढलं आणि तिच्या हातात दिलं. तिनं त्याच्या टोकानं बटण दाबलं. ट्यूब लागली. मग मी खिळ्यावरची सुतळी सोडवली, लाटण्याला नीट गाठ मारली आणि ते होतं तिथं टांगून ठेवलं.